वाचकांचे प्रश्न : आले, सुंठ आणि त्यांची मात्रा

गेल्या अंकात पावसाळ्यातील मंदाग्नीविषयी, म्हणजे मंदावलेल्या पचनशक्तीविषयी, लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे आले आणि सुंठ यांच्याविषयी आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आले वाळवले की त्याची सुंठ होते, एवढेच आम्हाला ठाऊक. मग काढ्याला सुंठ सांगितली असेल आणि घरात फक्त आले असेल, तर ते घालून चालेल का? घालायचे झाल्यास किती घालावे?
— एक गृहिणी, पुणे

उत्तर : साध्या सर्दी-पडशाच्या काढ्यात सुंठीऐवजी आले घातले, तर काही बिघडत नाही. ओल्या आल्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते आणि पाच किलो आल्याची जेमतेम एक किलो सुंठ होते, त्यामुळे एक ग्रॅम सुंठीच्या जागी पाच ग्रॅम आले, म्हणजे साधारण बोटाच्या पेराएवढा तुकडा, हा वजनाचा हिशेब ठीक आहे. मात्र हा हिशेब फक्त वजनाचा आहे, गुणांचा नाही. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजरॉल या घटकामुळे असतो. आले वाळताना त्यातील काही जिंजरॉलचे शोगॉलमध्ये रूपांतर होते आणि शोगॉल हे जिंजरॉलच्या जवळजवळ दुप्पट तिखट असते. याउलट आल्याला ज्यामुळे वास येतो ते उडून जाणारे तेल वाळवताना काही प्रमाणात कमी होते. म्हणूनच सुंठीचा वास मवाळ असतो, पण ती घशाला अधिक झोंबते.

आयुर्वेदाने हा फरक अनुभवाने ओळखून दोन्ही द्रव्यांचे गुण वेगवेगळे नोंदवले आहेत. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त दोन्ही द्रव्ये चवीला तिखट, वीर्याने (म्हणजे शरीरावरील प्रभावाने) उष्ण आणि विपाकाने (म्हणजे पचनानंतर) मधुर सांगितली आहेत. तरीही आले पचायला जड, तीक्ष्ण व रूक्ष म्हटले आहे, तर सुंठ हलकी व स्निग्ध. व्यवहारात या फरकाला फार महत्त्व आहे. ज्या विकारांत आले हितकर नाही, असे भावमिश्र सांगतात, त्यांत ज्वरही आहे. पण तापात तहान भागवण्यासाठी चरकसंहितेने जे षडंगपानीय सांगितले आहे, त्यातील सहा द्रव्यांत नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन आणि सुगंधी वाळा यांच्याबरोबर सुंठ आहे. तापाच्या रुग्णाला आल्याचा रस पाजणे आणि सुंठ घालून उकळलेले, गार केलेले पाणी पाजणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरा फरक पोटाचा. सुंठ मलावरोध दूर करते असेही म्हटले आहे आणि ती ग्राही, म्हणजे पातळ मल बांधणारी आहे असेही म्हटले आहे. वाचणाऱ्याला हे परस्परविरुद्ध वाटेल, हे ओळखून भावमिश्रांनी ही शंका स्वतःच उपस्थित केली आहे आणि अडलेले मोकळे करण्याची शक्ती सुंठीत असली तरी मल खाली ढकलण्याची नाही, असे तिचे उत्तर दिले आहे. आपल्याकडे जुलाब होत असताना ताकात सुंठपूड घालून देतात, ती याच विचाराने. आल्यात हा मल बांधण्याचा गुण सांगितलेला नाही, म्हणून तेथे सुंठीऐवजी आले किसून घालू नये.

प्रश्न : माझे यजमान (वय ६२) मोबाइलवर आलेल्या एका चित्रफितीवरून रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे आल्याचा रस मध घालून घेतात. गेल्या काही आठवड्यांपासून त्यांच्या छातीत जळजळते आणि तोंडही आले आहे. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली असून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. “नैसर्गिक वस्तू आहे, अपाय कसा होईल?” असे ते म्हणतात. मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आल्याचा रस आजच बंद करावा आणि गोळ्या मात्र कोणत्याही कारणाने, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, बंद करू नयेत. आपण हा रस किती दिवस व किती घेत होतो, हे त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. छातीतील जळजळ ही आल्याचीच आहे, असेही घरी ठरवून टाकू नका. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या छातीत काहीही होत असेल, तर ते प्रथम तपासून घेतले पाहिजे. शौचास काळी होणे, हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता अंगावर निळे डाग दिसणे यांपैकी काही आढळले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता मात्रेकडे पाहू. दोन मोठे चमचे रस काढायला पन्नास ग्रॅमच्या आसपास आले किसून पिळावे लागते. सुंठीच्या चूर्णाची शास्त्रोक्त मात्रा दिवसाला एक ते दोन ग्रॅम आहे. पाण्याचा भाग आणि मागे राहिलेला चोथा वजा केला, तरी आपले यजमान त्या मात्रेच्या कितीतरी पट द्रव्य रिकाम्या पोटी, एका दमात घेत आहेत. मोबाइलवरून फिरणाऱ्या सल्ल्यांत मात्रा बहुधा चमच्याने सांगितलेली असते, आणि चमचा चहाचा की आमटीचा, हे कोणी सांगत नाही. २०२० साली आयुष मंत्रालयाने जो काढा सुचवला होता, त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग असे प्रमाण होते, आणि तीन ग्रॅम भरड एका वेळेस घ्यायची होती. म्हणजे त्या काढ्याच्या एका कपात पाऊण ग्रॅमहूनही कमी सुंठ येत होती. अनेक घरांत तोच काढा पुढे मूठमूठ सुंठ-मिरी घालून दिवसातून चार वेळा झाला आणि त्या वर्षी जळजळ, तोंड येणे व मूळव्याधीचा त्रास घेऊन येणाऱ्यांची आमच्याकडे रीघ लागली होती.

आल्याच्या समर्थनार्थ भावप्रकाशातील “भोजनाग्रे सदा पथ्यं लवणार्द्रकभक्षणम्” ही ओळ नेहमी सांगितली जाते. जेवणाआधी मिठाबरोबर आले खाणे सदैव पथ्यकर आहे, त्याने अग्नी प्रदीप्त होतो, रुची येते, जीभ व कंठ स्वच्छ होतात, असा तिचा आशय आहे. पण त्यात आल्याचा लहानसा काप अभिप्रेत आहे, पेलाभर रस नव्हे; आणि वेळ जेवणाच्या तोंडाची आहे, अनशापोटीची नव्हे. शिवाय त्याच प्रकरणात थोडे पुढे कुष्ठ, पांडुरोग, मूत्रकृच्छ्र (लघवीला अडथळा व त्रास), रक्तपित्त (शरीरातून रक्त जाणे), व्रण, ज्वर आणि दाह या अवस्थांत, तसेच ग्रीष्म व शरद या ऋतूंत आले प्रशस्त नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पहिली ओळ सर्वांना पाठ असते आणि दुसरी कोणी उच्चारत नाही. सध्या शरद ऋतू चालू आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त ऑक्टोबरच्या उन्हाने उसळते, आणि ज्याची प्रकृती मुळात पित्ताची आहे त्याला या दिवसांत रोज आल्याचा रस देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांविषयी एवढे सांगतो की, आमटी-भाजीत किंवा चहात पडणाऱ्या आल्याने सहसा धोका उद्भवत नाही. रस, अर्क आणि कॅप्सूल यांतून मोठी मात्रा रोज पोटात गेली, की मात्र रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढण्याची शक्यता धरून चालावे लागते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर याबाबत अधिकच काटेकोर राहावे. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे किंवा ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत, त्यांनीही औषध म्हणून आले-सुंठ घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आल्याचा चहा सोडण्याची गरज नाही.

प्रश्न : माझी नात सात महिन्यांची आहे. तिला खोकला झाला की सुंठ मधात उगाळून चाटवावी, असे मी सुनेला सांगते. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. आमच्या मुलांना आम्ही हेच देऊन वाढवले.
— एक आजी, सांगली

उत्तर : या बाबतीत बालरोगतज्ज्ञांचे ऐकावे. त्यांची हरकत मुख्यतः मधाला असणार. मधात क्वचित क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात आणि त्यामुळे बाळाचे स्नायू लुळे पडतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर ते जिवावर बेतते. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा लावू नये.

आपल्या पिढीतील बाळगुटीत सुंठ असे, हे खरे आहे. पण ती हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, ज्येष्ठमध, जायफळ अशा कितीतरी द्रव्यांपैकी एक असे आणि सहाणेवर तिचे एक-दोन वेढेच द्यायचे, हे घरातल्या मोठ्या बायकांना नेमके ठाऊक असे. खोकल्यासाठी नुसती सुंठ त्याहून जास्त उगाळली, तर त्या मात्रेचा अंदाज राहत नाही. सात महिन्यांच्या बाळाचा श्वास जलद होत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. साधा सर्दीचा खोकला असेल, तर बहुतेक वेळा सुंठीवाचून खोकला जातो, ही म्हण येथे शब्दशः खरी आहे.

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे आणि दिवसभर मळमळते. मैत्रीण आले चघळायला सांगते, तर सासूबाई “आले गरम पडते, हात लावू नकोस” म्हणतात. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थोड्या प्रमाणात आले घेण्यास हरकत नाही. गर्भावस्थेतील मळमळीवर आल्याच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. त्या आकाराने लहान असल्या, तरी दिवसाला सुमारे एक ग्रॅम सुंठ तीन-चार भागांत विभागून घेतल्यास मळमळ कमी होते, असे त्यांतून बऱ्यापैकी सातत्याने दिसले आहे. उलट्यांची संख्या मात्र तितक्या खात्रीने कमी होत नाही. एवढ्या मात्रेत बाळाला अपाय झाल्याचे या चाचण्यांत आढळलेले नाही. घरी करायचे झाल्यास सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी कोरडा टोस्ट किंवा मूठभर लाह्या खाव्यात, आणि नंतर दिवसभरात आल्याचे पातळ काप लिंबू व सैंधव लावून थोडे थोडे चघळावेत. सगळे मिळून पेरभर आले पुरेसे आहे. आलेपाकाच्या वड्याही चालतील, पण त्यात साखर अधिक असते, हे लक्षात ठेवावे.

सासूबाईंच्या सांगण्यातही तथ्य आहे, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे बाळंतिणीसाठी होणारा सुंठीचा पाक असावा. सौभाग्यशुंठी पाकासारखे योग प्रसूतीनंतर द्यायचे असतात आणि त्यांतील सुंठीचे प्रमाण गर्भिणीसाठी नव्हे. पूर्वी गर्भपात झाला असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा प्रसूती जवळ आली असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच काय ते करावे. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर आले चघळत बसू नये. अशा वेळी सलाइनची गरज असते.

प्रश्न : गुडघेदुखीवर सुंठ गुणकारी आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, अकोला

उत्तर : थोडीफार. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या झिजेवर आल्याचा अर्क सहा आठवडे दिला होता. वेदना कमी झाल्या, पण माफक प्रमाणात, आणि अर्क घेणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी अधिक आढळल्या. आयुर्वेदात सुंठीचा खरा उपयोग आमवातात सांगितला आहे. सांधे सुजतात, सकाळी आखडलेले असतात, भूक मेलेली असते, जीभ पांढरी असते, अशा वेळी सुंठीच्या काढ्यात एरंडेल तेल देतात. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याला तो उपाय सरसकट लागू करू नये, आणि एरंडेलाचा योग वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे आल्याचे पीक आहे. भाव पडले की काढणीचा खर्चही निघत नाही. घरी सुंठ करून विकावी असा विचार आहे. शिवाय बाजारात पांढरीशुभ्र आणि तपकिरी अशा दोन प्रकारची सुंठ दिसते. औषधाला कोणती चांगली?
— एक शेतकरी, कोरेगाव तालुका, जि. सातारा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आमच्या कामाचे आहे. औषधाला तपकिरी, मातकट रंगाची, मोडताना खट्ट आवाज करणारी आणि मोडलेल्या जागी तीव्र वास येणारी सुंठ घ्यावी. पांढरी सुंठ बहुधा चुन्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेली असते. ही पद्धत जुनी आहे आणि चुन्याच्या थरामुळे कीड कमी लागते, म्हणून तिला सरसकट भेसळ म्हणता येणार नाही. अन्नसुरक्षेच्या मानकांतही चुना न लावलेल्या आणि लावलेल्या सुंठीसाठी कॅल्शियमची मर्यादा अनुक्रमे १.१ आणि २.५ टक्के अशी वेगवेगळी ठेवलेली आहे. तक्रार असते ती चुना जाड थापून वजन वाढवणाऱ्यांविषयी आणि गंधकाची धुरी देऊन रंग काढणाऱ्यांविषयी. बोटाने घासल्यावर पांढरी भुकटी निघत असेल, तर ती सुंठ घेऊ नये.

आता सुंठ करण्याविषयी. भाजीच्या आल्यासाठी काढणी लवकर केली तरी चालते, पण सुंठीसाठी कंद पूर्ण जून झाला पाहिजे. पाला पिवळा पडून वाळेपर्यंत, म्हणजे लागवडीपासून साधारण आठ ते साडेआठ महिने थांबावे लागते. कोवळ्या आल्याची सुंठ आक्रसते, सुरकुतते आणि वजनाला भरत नाही. काढलेले कंद रात्रभर पाण्यात भिजवून, चोळून धुवावेत आणि वरची साल खरवडावी. यासाठी बांबूची धार काढलेली कामटी वापरतात, कारण लोखंडी सुरीने कंदावर काळे डाग पडतात. साल अगदी पातळ खरवडायची, कारण सुगंधी तेलाच्या पेशी सालीच्या लगेच खाली असतात; बटाट्यासारखी जाड साल काढली, तर ज्यासाठी सुंठ करायची तेच उकिरड्यावर जाते. त्यानंतर स्वच्छ जागेवर एका थरात पसरून, रोज उलथापालथ करत सात ते दहा दिवस कडक उन्हात वाळवावे. रात्री दव पडत असेल तर झाकावे किंवा आत घ्यावे. सुंठीतील ओलावा बारा टक्क्यांच्या वर राहिला, तर साठवणीत बुरशी येते, आणि बुरशी आलेली सुंठ पुन्हा उन्हात घालून विकणे हा खाणाऱ्याचा विश्वासघात आहे.

मात्र अर्थकारणाचा विचार आधी करावा. शंभर किलो आल्यापासून वीस किलोच्या आसपास सुंठ मिळते. म्हणजे सुंठीला आल्याच्या पाचपट भाव मिळाला, तरी फक्त आल्याची किंमत वसूल होते. खरवडण्याची मजुरी, वाळवण आणि साठवण यांचा खर्च त्यावर निघायला हवा. भाव कोसळलेल्या वर्षी हे गणित जुळू शकते, एरवी जुळेलच असे नाही. पहिल्या वर्षी थोड्याच मालाची सुंठ करून एखाद्या औषध कारखान्याला नमुना दाखवावा आणि त्यांची मागणी किती व कोणत्या प्रतीची आहे, हे पाहून पुढचे ठरवावे. कंदकुजीने ग्रासलेले कंद सुंठीसाठीही घेऊ नयेत.

प्रश्न : आजारी माणसाला दुधात आले उकळून द्यावे म्हटले, तर दूध फाटते. चहात मात्र काही होत नाही. असे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ओल्या आल्यात झिंजिबेन नावाचे प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. दूध कोमट ते बऱ्यापैकी गरम असताना, साधारण साठ-सत्तर अंशांच्या आसपास, ते सर्वाधिक काम करते आणि दुधातील केसीन हे प्रथिन तोडून दूध विरजल्यासारखे घट्ट करते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून गरम गोड दूध आल्याच्या रसावर ओततात आणि खरवसासारखा पदार्थ बनवतात. उकळल्यावर मात्र हे विकर नष्ट होते. चहात आपण आले आधी पाण्यात चांगले उकळतो आणि दूध नंतर घालतो, म्हणून चहा फाटत नाही. दुधातही तेच करावे : वाटीभर पाण्यात आले ठेचून पाच मिनिटे उकळावे, गाळावे आणि मग ते पाणी गरम दुधात मिसळावे. त्याहून सोपे म्हणजे दुधाला सुंठच वापरावी. हळद, सुंठ आणि खडीसाखर घातलेले दूध याच कारणाने घरोघरी रूढ असावे. आल्याने फाटलेले दूध ताजे असेल, तर ते विषारी नसते. टाकून देण्याची गरज नाही.

प्रश्न : कोकणात जाताना घाटात मुलाला (वय १२) गाडी लागते. आलेपाकाचा उपयोग होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करून पाहण्यासारखा उपाय आहे. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फिरत्या खुर्चीवर बसवलेल्या विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे एक ग्रॅम सुंठ घेतलेले विद्यार्थी नेहमीची गोळी घेतलेल्यांपेक्षा अधिक वेळ तग धरू शकले. पुढच्या प्रयोगांत निष्कर्ष इतके एकमुखी आले नाहीत, तरी उपाय निर्धोक आहे आणि गोळीसारखी गुंगी येत नाही. घाट सुरू झाल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी अर्धा तास आलेपाकाची एक वडी किंवा पाव चमचा सुंठपूड गुळात कालवून द्यावी आणि तासा-दोन तासांनी आणखी एक वडी चालेल. निघताना पोट तुडुंब भरलेले नसावे. मुलाला पुढच्या आसनावर बसवणे कायद्याने व सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य असेल तर तेथे बसवावे, खिडकी उघडी ठेवावी आणि त्याच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा.